एकशे तीस डॉलर्सचा सुपरमॅन

१ मार्च १९३८ या तारखेचा ४१२ डॉलर्सचा एक धनादेश २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलर्सना विकला गेला. त्यातले १३० डॉलर्स एका नव्या पात्राच्या हक्कांपोटी दिलेले होते. पात्र होते सुपरमॅन. ज्यांच्याकडून ते विकत घेतले, त्या जेरी सीगल आणि जो शूस्टर यांची नावेसुद्धा धनादेशावर धड लिहिलेली नाहीत.

दोघेही १९१४ साली जन्मलेले, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले, क्लीव्हलँडच्या ग्लेनव्हिल हायस्कूलमधले मित्र. सीगल लिहीत असे, शूस्टर चित्रे काढत असे. काळ महामंदीचा. १९३२ मध्ये सीगलच्या वडिलांच्या कपड्यांच्या दुकानात चोरी झाली आणि त्या प्रसंगातच वडील दगावले. गोळीला दाद न देणारा नायक याच दुःखातून जन्मला, असे अनेकदा सांगितले जाते. कल्पना हृद्य आहे, पण तिच्यावर फार भार टाकू नये. कारण १९३३ च्या जानेवारीत या मित्रांनी रंगवलेला पहिला ‘सुपरमॅन’ चक्क टक्कल पडलेला खलनायक होता!

नायकाची सामग्री तर आधीच तयार होती. दुहेरी ओळखीची युक्ती ‘स्कार्लेट पिम्परनेल’ने लंडनच्या रंगभूमीवर १९०५ मध्येच दाखवली होती, मुखवट्याचा झोरो १९१९ मध्ये आला. अंगाला चिकटलेला पोशाख १९३६ मध्ये फँटमने घातला. इंद्रजाल कॉमिक्समुळे आपण ज्याला ‘वेताळ’ म्हणून ओळखतो, तोच हा. सुपरमॅनमध्ये हे सारे एकत्र आले आणि त्याला अमानुष बळाची जोड मिळाली.

‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला. त्यावर जून १९३८ असा महिना, किंमत १० सेंट. त्यात हा महाबली लढतो तरी कोणाशी? परग्रहावरच्या राक्षसांशी नव्हे. तो मृत्युदंड झालेल्या निरपराध स्त्रीसाठी मध्यरात्री गव्हर्नरच्या घराचे दार उखडतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला बदडतो आणि वॉशिंग्टनमध्ये सेनेटरशी संधान बांधणाऱ्या दलालाला भर उंचीवर तारांवरून पळवतो. मंदीत पिचलेल्या सामान्य माणसाची गाऱ्हाणीच ती. माझ्या मते या कथाप्रकाराचे खरे मूळ पोशाखापेक्षा या गाऱ्हाण्यांत अधिक आहे.

अन्यायाला जागच्या जागी शासन करणारा नायक निर्मात्यांच्या मदतीला मात्र आला नाही. १९४७ मध्ये त्यांनी हक्कांसाठी दावा लावला. पुढल्या वर्षी तडजोडीची रक्कम हाती आली, पण सुपरमॅनच्या कथांवरून त्यांची नावे गेली. शूस्टरची दृष्टी अधू होत गेली. १९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा चित्रपट येणार असल्याची बातमी आली, तेव्हा सीगलने आपली कैफियत वृत्तपत्रांकडे धाडली. नील अ‍ॅडम्स, जेरी रॉबिन्सन असे चित्रकार पाठीशी उभे राहिले. अखेर वॉर्नर कंपनीने प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर्स देण्याचे मान्य केले, आणि १९७८ च्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत सीगल व शूस्टर ही नावे झळकली.