ॲशचे लाकूड आणि मुबलकतेचा भ्रम

विजेवर वाजणाऱ्या गिटारचा इतिहास सांगताना वादकांची, कंपन्यांची नावे येतात. लाकडाचे क्वचितच येते. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवलेल्या लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये भरीव अंगाची ‘ब्रॉडकास्टर’ गिटार बाजारात आणली. पुढे हीच ‘टेलिकास्टर’ झाली. १९५४ मध्ये ‘स्ट्रॅटोकास्टर’ आली. दोघींचेही धड ॲशच्या लाकडाचे होते. जाई-जुई आणि पारिजातक ज्या कुळातले, त्याच कुळातला हा उंच वृक्ष. चिवट आणि लवचीक म्हणून त्याच्या लाकडाचे अवजारांचे दांडे आणि बेसबॉलच्या बॅटी होत. फेंडर यांनी ते घेतले, कारण ते सहज मिळत होते, परवडत होते आणि पारदर्शक रोगणाखाली त्याच्या रेषा खुलून दिसत. ते कधी कमी पडेल, ही शंका तेव्हा कोणाला येण्याचे कारण नव्हते. माझे म्हणणे असे, की ॲशवर आलेल्या संकटाचे मूळ या निश्चिंतपणात आहे, आणि तो एकट्या गिटारवाल्यांचा नव्हता.

गिटारवाले ज्याला ‘स्वॅम्प ॲश’ म्हणतात, ती वेगळी जात नव्हे, व्यापारातले नाव आहे. मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात वर्षातले काही महिने ॲशची झाडे पाण्यात उभी असतात. त्यांच्या बुंध्याचा खालचा भाग फुगतो आणि तिथले लाकूड हलके, सच्छिद्र होते. खांद्यावर तासन्‌तास वागवायच्या वाद्याला हा हलकेपणा मोलाचा. मात्र हीच छिद्रे रंगाआधी भरून घ्यावी लागतात. म्हणून १९५६ पासून फेंडरच्या कारखान्यात स्ट्रॅटोकास्टरच्या बहुतेक रंगांसाठी आल्डरचे लाकूड आले आणि ॲश मुख्यतः फिकट पिवळसर ‘ब्लाँड’ छटेपुरते उरले. तरी वादकांच्या मनात त्याचे स्थान टिकले. सोय म्हणून घेतलेले लाकूड काही दशकांत परंपरा बनले.

संकट मात्र कुऱ्हाडीने आणले नाही. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ पाचूसारख्या हिरव्या रंगाचा, जेमतेम सव्वा सेंटीमीटरचा एक भुंगेरा सापडला. ईशान्य आशियातला हा कीटक बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून १९९० च्या दशकात आला असावा. त्याच्या अळ्या सालीखालचा जिवंत थर पोखरतात, अन्नपाण्याची वाट तोडतात आणि तीन ते पाच वर्षांत झाड वाळते. आशियातल्या ॲशला या शत्रूची जुनी ओळख आहे. अमेरिकेतल्या झाडांकडे तसा बचाव नव्हता. त्यातच शहरांनी भुंगेऱ्याला रान मोकळे करून दिले होते. रोगाने एल्मचे वृक्ष गेले, तेव्हा अनेक शहरांनी रस्त्यांच्या कडेला ओळीने ॲश लावले. एकाच जातीवर भिस्त ठेवल्याची किंमत एकदा मोजूनही तीच चूक पुन्हा झाली. कोट्यवधी झाडे मेली. २०१७ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ॲशच्या पाच जाती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरल्या. मिसिसिपीच्या खोऱ्यात पूर जास्त काळ रेंगाळू लागल्याने तोडणीही अडू लागली. २०२० मध्ये फेंडर कंपनीने आपल्या बहुतेक नेहमीच्या गिटारींतून ॲश काढून टाकत असल्याचे जाहीर केले.

यावर पहिला आक्षेप असा, की त्यात एवढे बिघडले काय? विजेच्या गिटारचा आवाज प्रामुख्याने तारा आणि पिकअप ठरवतात; आल्डर आहे, पाइन आहे. हे बव्हंशी खरे आहे आणि गिटार ॲशवाचून जगेल. पण म्हणूनच नुकसानाचे माप गिटारवरून काढता येत नाही. मेन राज्यातले पेनॉबस्कॉट आणि पासामाक्वॉडी लोक काळ्या ॲशचे ओंडके ठोकून वर्षावलयांच्या पट्ट्या सुट्या करतात आणि त्यांच्या टोपल्या विणतात. ग्लुस्काबे या वीराने ॲशच्या झाडात बाण मारला आणि त्यातून माणसे बाहेर आली, अशी त्यांची उत्पत्तिकथा आहे. गिटारच्या कारखान्याला दुसरे लाकूड चालते. त्यांच्या टोपलीला आणि कथेला चालत नाही. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: अळी सालीखालीच राहते, आतले लाकूड शाबूत असते, मग मेलेली झाडे वापरावीत. जरूर वापरावीत, ती जाळण्यापेक्षा त्यांची वाद्ये होणे केव्हाही चांगले. पण वाळलेला ॲश लवकर ठिसूळ होतो आणि ही सोय एकदाच मिळणारी आहे. मेलेल्या झाडांचा साठा म्हणजे पुरवठा नव्हे.

तिसरा सूर हताशेचा आहे: भुंगेरा पसरला, आता काही उरले नाही. वस्तुस्थिती इतकी निराशाजनक नाही. २००७ पासून या कीटकावर जगणाऱ्या चिमुकल्या आशियाई गांधीलमाश्या अमेरिकेत सोडल्या जात आहेत. आजूबाजूची झाडे मरूनही तगलेले मोजके ॲश शोधून, त्यांच्यापासून प्रतिकारक्षम रोपे तयार करण्याचे काम तिथले वनखाते करते आहे. बीजसंग्रह होत आहेत. मालाच्या लाकडी खोक्यांवर उष्णतेची वा धुरीची प्रक्रिया करण्याचा आंतरराष्ट्रीय नियम २००२ मध्येच आला. तो या झाडांसाठी उशिरा आला, पुढच्यांसाठी काटेकोर पाळता येईल. या कामांना दशके लागतील आणि पैसाही. ज्या उद्योगाने सत्तर वर्षे ॲशच्या नावावर गिटारी विकल्या, त्याने पर्यायी लाकूड शोधून थांबू नये. बीजसंग्रहाचा आणि रोपांचा खर्च उचलावा. मुबलक म्हणून ज्याची कदर केली नाही, ते दुर्मीळ झाल्यावर नुसते सोडून देणे ही त्याच बेफिकिरीची पुढची पायरी ठरेल.