स्क्विड प्रॉक्सी सर्व्हर : नव्या आवृत्तीचा अंगीकार

स्क्विड : मुक्तस्रोत प्रॉक्सी सर्व्हर. संगणकसमूह आणि बाहेरचे इंटरनेट यांच्या दरम्यान राहून प्रत्येक मागणी स्वतःकडे घेणारी, परवानगीचे नियम तपासणारी आणि एकदा आणलेले पान साठ्यात ठेवून पुढील मागणीस तेच देणारी ही प्रणाली होय. बीड, अंबाजोगाई किंवा परळी येथील एखाद्या महाविद्यालयात एकाच मंद जोडणीवर अनेक यंत्रे चालवावयाची असली, म्हणजे तिचे प्रयोजन सहज ध्यानी येते.

अमेरिकेतील हार्वेस्ट या संशोधनप्रकल्पाची साठवणप्रणाली व्यापारी मार्गास लागल्यावर, तिच्या अखेरच्या मुक्त प्रतीवरून ड्वेन वेसल्स यांनी १९९६ मध्ये स्क्विडची पहिली आवृत्ती सिद्ध केली. पुढे तिचे जतन स्वयंसेवकांकडे आले.

आवृत्तीचा आकडा वाढला म्हणजे गुणही वाढला, ही समजूत स्क्विडच्या बाबतीत टिकत नाही. सी भाषेतील मूळ लेखन सी प्लस प्लसमध्ये उतरवून ३.० ही आवृत्ती डिसेंबर २००७ मध्ये प्रसृत झाली. परंतु २ या आकड्याने सुरू होणाऱ्या आवृत्त्यांची जुनी, म्हणजे दुसरी, शाखाही समांतर चालूच राहिल्यामुळे २.७ ही आवृत्ती तिच्यानंतर, मे २००८ मध्ये आली, आणि एकाच पानाच्या एकसमयी आलेल्या अनेक मागण्यांची एकच मागणी करण्याची जी सोय दुसऱ्या शाखेत होती, ती तिसरीत २०१५ च्या ३.५ पर्यंत परतली नाही. विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाने २.७ ला चिकटून राहून अखेर तिसऱ्या शाखेऐवजी व्हार्निश या निराळ्याच प्रणालीचा आश्रय केला, तो उगाच नव्हे. १ मे २००३ रोजी आरंभ झालेल्या मराठी विकिपीडियाची पाने त्यामुळे कित्येक वर्षे स्क्विडच्या या जुन्या वंशाच्या द्वारेच वाचकांपर्यंत पोहोचत होती.

स्थलांतरातील खरी अडचण असते ती स्क्विड डॉट कॉन्फ या नियमांच्या फाइलीची. एकामागून एक आलेल्या व्यवस्थापकांनी तीत भर घातलेली असते, आणि कोणता हुकूम कोणत्या कारणास्तव घातला याची नोंद दप्तरी क्वचितच सापडते. नवी आवृत्ती मात्र जुने शब्द निमूटपणे चालवून घेतेच असे नाही : ३.१ मध्ये ‘ट्रान्सपरंट’ची जागा ‘इंटरसेप्ट’ने घेतली, आणि ‘मॅनेजर’, ‘लोकलहोस्ट’ यांच्या व्याख्या ३.२ पासून प्रणालीतच अंतर्भूत झाल्याने हाताने लिहिलेल्या व्याख्या अनावश्यक ठरल्या. यास्तव मधल्या प्रत्येक मालिकेची प्रकाशन-टिपणे वाचावीत, फाइलीची नक्कल अलग ठेवावी, ‘स्क्विड -के पार्स’ या आज्ञेने तिची तपासणी करावी, आणि नेहमीच्या ३१२८ खेरीज अन्य पोर्टवर नवी प्रत चालवून पाहिल्यावरच जुनी बरखास्त करावी. साठा जपण्याची यातायात नको. तो नव्याने भरतो.

संकेतबद्ध वाहतुकीच्या प्रसारामुळे आता बहुतेक पाने स्क्विडला न वाचताच पुढे धाडावी लागतात, म्हणून साठवणीचा लाभ पुष्कळ आटला आहे. मुख्यतः उरला आहे तो नियमनाचा. तथापि जोखीम कमी झालेली नाही. २०२१ च्या एका सुरक्षा-परीक्षणात आढळलेले ५५ दोष ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झाले, त्या वेळी त्यांतील बरेच दुरुस्तीविना होते, आणि पुढील दुरुस्त्यांचा लाभ मुख्यतः नव्या मालिका वापरणाऱ्यांसच मिळाला. ज्या संस्थेत या कामाची देखभाल करणारा कोणी नाही, तिने जुनी आवृत्ती तशीच चालू ठेवण्यापेक्षा स्क्विड काढून टाकलेला बरा.