कँडीपासून पुण्यापर्यंत : एका सेमिनरीचे अनेक देशींचे पुत्र

जुबिलीच्या मंगल वर्षी धर्मग्राम आपले देऊळ कधी उभारले गेले ते सांगतो आणि तेथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची नावे कृतज्ञतेने उच्चारतो. परंतु हे धर्मगुरू ज्या घरात घडतात, त्या घराचे स्मरण क्वचितच होते. म्हणून पुण्याच्या पेपल सेमिनरीचा वृत्तांत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. निरनिराळ्या प्रांतांचे, भाषांचे व विधींचे तरुण तेथे एकत्र शिकतात. ही गोष्ट योगायोगाने घडलेली नाही. त्याच हेतूने या संस्थेचा पाया घातला गेला.

1886 साली पोप तेरावे लिओ यांनी हिंदुस्थानात धर्मप्रांतांची रीतसर व्यवस्था लावून दिली. परंतु धर्मप्रांत आखले म्हणजे धर्मगुरू निर्माण होतात असे नाही. परदेशाहून येणाऱ्या मिशनरींवर किती काळ विसंबावे, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर पोपमहाराजांनी 24 जून 1893 रोजी आपल्या विश्वपत्राने दिले. या देशाच्या तारणाचे सेवक या देशाचेच पुत्र व्हावेत, हा त्याचा आशय होय. त्याच वर्षी लंकेतील कँडी येथे, पोपमहाराजांचे प्रतिनिधी लादिस्लाव झालेस्की यांच्या पुढाकाराने, सर्व हिंदुस्थानासाठी ही सेमिनरी स्थापन झाली व बेल्जियमच्या येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाती सोपविण्यात आली.

कँडी हे नाव कोकणी व मराठी कॅथोलिकांस परके नव्हते. गोव्याचे धर्मगुरू जोसे वाझ 1687 साली लंकेत उतरले. त्या वेळी तेथे डचांचा अंमल असून कॅथोलिक धर्मगुरूंना मज्जाव होता. कँडीच्या राज्यात त्यांना हेर समजून प्रथम बंदीत टाकण्यात आले. तरीही त्यांनी तामीळ व सिंहली भाषा आत्मसात करून विखुरलेला कळप गोळा केला आणि 1711 साली कँडीतच देह ठेवला. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली त्यांस संतपद दिले. ज्या नगरीत कोकणच्या एका पुत्राने परक्यांची भाषा शिकून सेवा केली, तेथेच पुढे हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतून तरुण धर्मगुरू होण्यास येऊ लागले.

हे तरुण कोण होते? मंगळूर, मद्रास, मुंबई, बंगाल, मलबार येथून आलेल्यांच्या घरच्या बोली वेगळ्या, अन्न वेगळे, सणवारही वेगळे. लॅटिन विधीच्या मुलाशेजारी सिरो-मलबार विधीचा मुलगा बसे. 1926 साली या संस्थेस तत्त्वज्ञान व ईशज्ञान या विषयांत उच्च पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. तेथील तीन विद्यार्थ्यांची नावे येथे पुरेशी आहेत. व्हॅलेरियन ग्रेशस कराचीत जन्मले व मुंबईचे आर्चबिशप झाले. 1953 साली ते पहिले भारतीय कार्डिनल ठरले. जोसेफ कोर्डेरो मुंबईत जन्मले व कराचीचे आर्चबिशप होऊन 1973 साली पाकिस्तानचे पहिले कार्डिनल झाले. जोसेफ पारेकाट्टिल हे सिरो-मलबार विधीचे. एर्नाकुलमचे हे आर्चबिशप 1969 साली कार्डिनल झाले. 1947 च्या फाळणीने देश दुभंगला. परंतु एकाच गुरुगृहातून निघालेले हे पुत्र सीमेच्या दोन्ही बाजूंस एकाच वेदीची सेवा करीत राहिले.

1948 साली लंका स्वतंत्र झाली आणि दोन राष्ट्रांची सीमा विद्यार्थ्यांच्या वाटेत आली. 1955 साली सेमिनरी पुण्यास, नगर रस्त्यावर आली. जवळच द नोबिली कॉलेजात येशूसंघाचे विद्यार्थी राहतात. ज्ञानदीप विद्यापीठाच्या वर्गांतून हे सर्व, इतर संघांचे बंधू, धर्मभगिनी व प्रापंचिक स्त्रीपुरुषही एकत्र अध्ययन करतात. छोटानागपूरचा उराव, नागालँडचा नागा, तामीळ, मल्याळी आणि वसईचा मराठी मुलगा एका बाकावर बसतो.

तथापि एका छपराखाली निजल्याने माणसे बंधू होत नाहीत, हे आम्ही स्पष्टपणे लिहितो. अशा कोणत्याही घरात एका भाषेचे विद्यार्थी जेवणाच्या मेजावर एकत्र जमतात. जातीचा अभिमान वेशीबाहेर ठेवून सारेच येतात असेही नाही. पूर्वी लॅटिन हे सर्वांस जोडणारे सूत्र होते, पुढे इंग्रजी आली. परंतु मरणशय्येवरील म्हातारीला पापक्षमेचा दिलासा द्यावयाचा तो लॅटिनमध्ये देता येत नाही, इंग्रजीतही नाही. विधींच्या बाबतीतही पूर्वी लॅटिन वळणच प्रमाण मानले जाई. पौर्वात्य विधींची प्रतिष्ठा लॅटिन विधीच्या बरोबरीची आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने 1964 साली निःसंदिग्धपणे सांगितले.

म्हणून सर्वांनी एकसारखे व्हावे ही एकी खरी नव्हे. दुसऱ्याची भाषा शिकण्याइतके प्रत्येकाने नम्र व्हावे, ही खरी एकी. इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स आपली मातृभाषा मागे ठेवून मराठी शिकले, म्हणून 1616 साली राशोल येथे ख्रिस्तपुराण छापले गेले. आपणांस मिळालेले हे ऋण आहे, आणि ऋण फेडावे लागते.

प्रिय धर्मग्रामस्थहो, दूर प्रांतीचा एखादा सेमिनरीयन रविवारी आपल्या देवळात मोडक्या मराठीत प्रार्थना चालवील, तेव्हा त्यास हसू नका. त्याचा चुकलेला शब्द प्रेमाने सुधारा व त्यास घरी जेवावयास बोलवा. त्याचे अर्धे शिक्षण सेमिनरीत होते, उरलेले आपल्या अंगणात. आणि आपल्या घरातील एखाद्या मुलास प्रभूचे बोलावणे आले, तर ‘इतक्या दूर, परक्या मुलखात कसा पाठवू?’ असे म्हणून त्याची वाट अडवू नका. जोसे वाझ यांच्या आईवडिलांनी आपला पुत्र दिला, म्हणून लंकेतील कळप वाचला. पुढील जुबिलीच्या पुस्तिकेत अशा एका पुत्राचे नाव या धर्मग्रामाने अभिमानाने छापावे, हीच पवित्र मातेच्या चरणी आमची प्रार्थना.