सांगणारा एक, लिहिणारा दुसरा : नेवाशाच्या खांबापासून सुरू होणारी गोष्ट

१/
पुस्तकाचा लेखक कोण, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. मुखपृष्ठावर नाव छापलेलेच असते. पण कल्पना एकाची आणि ती शब्दांत उतरवणारा हात दुसऱ्याचा असेल, तर लेखक कोणाला म्हणायचे? हा वाद आजचा नाही. मराठी वाङ्मयाच्या अगदी पहिल्या ग्रंथांपाशीच तो उभा आहे. त्यासाठी आज आपल्याला अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवाशाला जायचे आहे.

२/
नेवासे प्रवरेच्या काठी वसलेले आहे. थोडे पुढे प्रवरासंगम येथे ही नदी गोदावरीला मिळते. १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे उत्खनन केले आणि या परिसरातील मानवी वावर थेट अश्मयुगापर्यंत मागे गेला. मराठी मनात मात्र हे गाव एका दगडी खांबामुळे आहे. या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्य सांगितले, असे परंपरा मानते. ते भाष्य म्हणजे ‘भावार्थदीपिका’, आपली ज्ञानेश्वरी.

३/
‘सांगितले’ हे क्रियापद नीट पाहा. परंपरा ‘ज्ञानेश्वरांनी बसून लिहिले’ असे म्हणत नाही. सांगणारे ज्ञानेश्वर आणि लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ दोन माणसांमध्ये घडला. एकाच्या मुखातून तो बाहेर पडला आणि दुसऱ्याच्या बोटांतून पोथीत उतरला.

४/
याचा दाखला ग्रंथातच आहे. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस गोदातीराचा, महालयेच्या क्षेत्राचा आणि त्या वेळी राज्य करणाऱ्या यादवराजा रामचंद्राचा उल्लेख येतो. शेवटच्या ओवीत शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०, हे वर्ष येते. टीका करणाऱ्याचे नाव येते आणि ती आदराने लिहिणाऱ्याचेही नाव येते. राजा, क्षेत्र, वर्ष, कर्ता आणि लेखक, सारे एकाच समारोपात नोंदवलेले आहेत.

५/
या ओवीत ज्ञानेश्वरांचा उल्लेख तृतीय पुरुषी आहे. त्यामुळे ती लिहिणाऱ्याने स्वतः जोडली असावी, असा तर्क करता येतो. ती कोणीही रचलेली असो, पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या उतरवणाऱ्यांनी हे दुसरे नाव गाळले नाही, ही गोष्ट महत्त्वाची. आज सातशेहून अधिक वर्षांनी सच्चिदानंदबाबा आपल्याला ठाऊक आहेत ते त्या एका ओवीमुळे.

६/
लिहून घेणे हे काम किती अवघड, याचा अंदाज करून पाहा. बोलणारा थांबत नाही. विचार ओघात आहे, उपमेमागून उपमा येत आहे. अशा वेळी ओवीचा घाट लिहिणाऱ्याच्या उपयोगी पडला असणार. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक असते आणि चौथा चरण बहुधा आखूड असतो. यमक कानावर आले की चरण संपला आणि आखूड चरण आला की ओवी पुरी झाली. ऐकणाऱ्याच्या स्मरणाला मदत करणारी ही रचना लिहिणाऱ्यालाही वाट दाखवते.

७/
बोलण्याच्या खुणा ग्रंथात जागोजाग शिल्लक आहेत. वक्ता श्रोत्यांकडे अवधान मागतो. विषय लांबला की मूळ वाटेवर ये, असे त्याला सांगितले जाते. गुरू निवृत्तिनाथ समोर आहेत. ग्रंथाची आज्ञाही त्यांचीच. म्हणजे आज्ञा देणारा, सांगणारा, ऐकणारे आणि लिहिणारा अशी चार आसने येथे मांडलेली दिसतात. ही सभा लेखणीने पुसली नाही, म्हणून ज्ञानेश्वरी वाचताना आजही समोर कोणी बोलत असल्याचा भास होतो.

८/
लोकपरंपरेने या दोघांच्या नात्याला एक कथाही दिली. सच्चिदानंदांचे निधन झाले होते, त्यांची पत्नी सती जायला निघाली होती; ज्ञानेश्वरांनी त्यांना पुन्हा उठवले आणि पुढे तेच ग्रंथाचे लेखक झाले. ही आख्यायिका आहे, इतिहासाचा पुरावा नव्हे. तिचा आशय मात्र विचार करण्यासारखा आहे. लिहिणाऱ्याला बोलणाऱ्याकडून जीवन मिळाले, असे ती सांगते. त्या बोलण्याला पोथीत दीर्घायुष्य मिळाले ते लिहिणाऱ्यामुळे, हे आपण त्यात जोडून घ्यायला हरकत नाही.

९/
सांगणारा आणि लिहिणारा या जोडीचा भारतीय आदर्श म्हणजे व्यास आणि गणेश. लेखणी थांबता कामा नये, ही गणेशाची अट. अर्थ समजल्याखेरीज लिहायचे नाही, ही व्यासांची अट. कथा म्हणून गोड आहेच, पण पाहिले तर तो एक करार आहे. लिहिणारा केवळ हात नसून पहिला वाचकही आहे, हे त्यात मान्य केलेले आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत हा प्रसंग मूळ संहितेत घेतलेला नाही. तो नंतरची भर ठरला. म्हणजे ग्रंथ दोघांनी कसा घडवावा याची चर्चाही कोणीतरी पुढे त्या ग्रंथातच घातली!

१०/
आता गद्याकडे येऊ. ज्ञानेश्वरीच्या आधी काही वर्षे, इ.स. १२७८च्या सुमारास, ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. चक्रधरस्वामींच्या आठवणींचा हा ग्रंथ मराठीतील आद्य चरित्रग्रंथ मानला जातो. बोलणे चक्रधरांचे, लेखणी म्हाइंभटांची. हे म्हाइंभट नगर जिल्ह्यातील सराळ्याचे. स्वामींच्या पश्चात ज्यांच्यापाशी आठवणी होत्या त्यांच्याकडे जाऊन त्यांनी त्या गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या, असे महानुभाव परंपरा सांगते.

११/
दोन्ही जोड्यांतला फरक लक्षात घ्या. नेवाशात सांगणारा समोर बसला होता. शंका आली तर विचारता येत होते. म्हाइंभटांपुढे सांगणारा उरलाच नव्हता. अनेकांच्या स्मृती एकत्र आणून त्यांना एका माणसाचा आवाज पुन्हा उभा करायचा होता. म्हणून त्यांची वाक्ये छोटी, साधी, बोलीच्या जवळची आहेत. लिहिणाऱ्याने स्वतःचे पांडित्य बाजूला ठेवल्याशिवाय असे गद्य साधत नाही.

१२/
मूळ लीळाचरित्र पुढे परचक्राच्या धामधुमीत हरवले आणि अनुयायांच्या स्मरणातून ते पुन्हा जुळवावे लागले, असेही परंपरा सांगते. त्यातून जे पाठ तयार झाले त्यांतला एक हिराइसा या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. तेराव्या-चौदाव्या शतकात एका स्त्रीची स्मरणशक्ती ग्रंथाचा आधार ठरते आणि तिचे नाव पाठाला चिकटून राहते, ही नोंद छोटी नाही. नाव राहिले नसते, तर तिचा वाटा कोणालाच कळला नसता.

१३/
दोघांनी मिळून केलेल्या कामाला एक धोकाही असतो. नंतर येणाऱ्या प्रत्येकाला वाटते की आपणही थोडी भर घालावी. ज्ञानेश्वरीचे तसेच झाले. नकलांमागून नकला होत गेल्या आणि पाठ बिघडले. शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, गोदाकाठच्या पैठणात एकनाथांनी ग्रंथ शुद्ध केला. एकनाथ स्वतः समर्थ कवी होते. तरीही या ग्रंथात कोणी आपली ओवी घुसडू नये, असा इशारा त्यांनी दिला. शोधन करणाऱ्याने स्वतःच्या लेखणीला आवर कसा घालावा, याचा हा धडा आहे.

१४/
मूळ आवाज शोधण्याची ही ओढ पुढेही संपली नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. ती एकनाथपूर्व असल्याचा त्यांचा दावा होता. त्यावर वाद झाले. पण प्रश्न जुनाच होता: बोलणाऱ्याचे शब्द कोणते आणि मधल्या हातांचे कोणते?

१५/
याच सुमारास जगात दुसरीकडे काय चालले होते? नेवाशानंतर आठ वर्षांनी, १२९८ साली, जिनोव्हाच्या तुरुंगात दोन कैदी भेटले. एक व्हेनिसचा व्यापारी मार्को पोलो, दुसरा पिसाचा रुस्तिकेल्लो. पोलोपाशी प्रवास होता. रुस्तिकेल्लो राजा आर्थरच्या अद्भुतकथा लिहिणारा. त्याच्यापाशी भाषा होती. पोलोने सांगितले, रुस्तिकेल्लोने लिहिले आणि युरोपला आशियाचे दर्शन घडवणारे पुस्तक तयार झाले. त्यातले पाहिलेले किती आणि रंगवलेले किती, हा वाद अजून मिटलेला नाही. लिहिणारा कथाकार असला की अनुभवाला कथेचा रंग चढतोच.

१६/
कल्पित कादंबरीत हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला तो फ्रान्समध्ये. १८४४ची ‘थ्री मस्केटिअर्स’ आपण अलेक्झांडर ड्यूमाच्या नावाने ओळखतो. तिच्यामागे ओग्युस्त माके हा इतिहासाचा जाणकार होता. ऐतिहासिक सामग्री, कथानकाचे आराखडे आणि कच्चे खर्डे त्याचे. त्यांना संवाद, वेग आणि झळाळी दिली ड्यूमाने. पुस्तकावर माकेचे नाव नव्हते. पुढे त्याने दावा लावला. १८५८ साली न्यायालयाने त्याचा पैशांचा हक्क मानला, सहलेखक म्हणून नाव मात्र दिले नाही.

१७/
आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये कायदा होता, करार होते, मोबदला होता. पण जोडीदाराचे नाव पुस्तकावर आले नाही. तेराव्या शतकातल्या नेवाशात यांपैकी काहीच नव्हते. पण लिहिणाऱ्याचे नाव ग्रंथाच्या शेवटच्या ओवीत आले. कल्पना मोठी की शब्द मोठे, हा वाद घालत बसण्याऐवजी त्या परंपरेने दोघांची कामे वेगळी सांगितली आणि दोघांची नावे ठेवली.

१८/
हीच रीत आपल्याला पुढे मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दिसते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. १९३७चा प्रभातचा ‘कुंकू’ ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून आला. पडद्यावरची नीरा घडवण्यात कादंबरीकार, दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि अभिनेत्री शांता आपटे या सर्वांचा वाटा आहे. प्रत्येकाचे काम निराळे, म्हणून प्रत्येकाचे नाव निराळे.

१९/
पुन्हा नेवाशाच्या खांबाकडे येऊ. त्या खांबावर एक लेख कोरलेला आहे. त्यात गीता नाही, ज्ञानेश्वर नाहीत. करवीरेश्वराच्या देवळातील दिव्याला तेल मिळावे म्हणून दिलेल्या दानाची ती नोंद आहे. दुर्गा भागवतांच्या ‘पैस’ (१९७०) या ललितलेखसंग्रहाचे नाव याच खांबावरून आले. तेलाचे दान करणाऱ्याची आठवण दगडाने ठेवली आणि लेखणी धरणाऱ्याची आठवण ओवीने.

२०/
तुमच्यापैकी अनेकजण मित्रांसोबत कथा रचतात. एकाला प्रसंग सुचतो, दुसऱ्याला वाक्य जमते. मग ती कथा कोणाची, यावरून मैत्री तुटल्याचेही आपण पाहतो. तेव्हा पहिले पान लिहिण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या: कोण काय करणार आणि शेवटी कोणाची नावे येणार. व्यास-गणेशांनीही अटी आधीच घातल्या होत्या. आणि नेवाशाला गेलात तर खांबाला हात लावताना ज्ञानेश्वरांसोबत सच्चिदानंदबाबांचेही नाव घ्या.

(धागा समाप्त)