उत्परिवर्तन व क्रमविकास

सजीवांच्या आनुवंशिक द्रव्यात अकस्मात घडून येणाऱ्या व पुढील पिढीत उतरणाऱ्या बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. अशा बदलांतून नव्या जाती एकदम उद्‌भवतात, असे ह्यूगो द व्ह्रीस या डच वनस्पतिवैज्ञानिकांनी आपल्या सिद्धांतात (१९०१—०३) मांडले होते. पुढे आर्. ए. फिशर, जे. बी. एस. हॉल्डेन व स्यूअल राइट यांच्या गणिताने हे मत मागे पडले. उत्परिवर्तन क्रमविकासाला (उत्क्रांतीला) कच्चा माल पुरविते. परंतु समुदायातील जनुकांचे (आनुवंशिक घटकांचे) प्रमाण केवळ त्याच्या बळावर फारच मंद गतीने बदलते. याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आढळते.

वाय्. एम्. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये मुंबईतील तीन व्यक्तींच्या रक्ताचा वृत्तांत प्रसिद्ध केला. नेहमीच्या चाचणीत हे रक्त ओ गटाचे भासे. पण ओ गटाचे रक्तही त्यास जुळत नसे. ए व बी ही प्रतिजने (रक्तकोशिकांवरील गटदर्शक द्रव्ये) एच या द्रव्यापासून बनतात. ओ गटात एच तसेच राहते. या व्यक्तींत मात्र एच मुळातच नव्हते व त्याविरुद्ध प्रतिपिंडे होती. हाच ‘मुंबई रक्तगट’ होय. एफयूटी१ जनुकात ७२५ व्या स्थानी थायमिनाऐवजी ग्वानीन आल्याने संबंधित एंझाइम निकामी होते, हे भारतीयांतील त्याचे प्रमुख कारण. सदोष जनुक दोन्ही पालकांकडून आले, तरच हा गट प्रकट होतो.

भारतात याचे प्रमाण सु. १०,००० त एक, तर यूरोपात सु. दहा लक्षांत एक आहे. भारतातील आकड्यावरून सदोष जनुकाचे प्रमाण शंभरांत एक निघते. (आप्तविवाहांमुळे हा अंदाज काहीसा फुगलेला असणार, पण निष्कर्ष त्याने बदलत नाही.) ठराविक स्थानी उत्परिवर्तन होण्याचा वेग दर पिढीस दहा कोटींत एक धरला, तर केवळ उत्परिवर्तनाने हे प्रमाण गाठण्यास सु. दहा लक्ष पिढ्या, म्हणजे अडीच कोटी वर्षे लागतील. मानवजात तर सु. तीन लक्ष वर्षांचीच आहे. शिवाय या बदलासोबत शेजारच्या एफयूटी२ जनुकाचा लोपही आढळतो. यावरून हा बदल वारंवार न घडता एकाच पूर्वजापासून पसरला असावा. एच नसल्याने प्रकृतीस सहसा बाध येत नाही, म्हणून नैसर्गिक निवडीने त्यास रोखले नाही. लहान, अंतर्विवाही जातिगटांत तो योगायोगानेच वाढला असावा. मामाच्या मुलीशी विवाहासारख्या रूढींनी जनुकाचे प्रमाण वाढत नाही. मात्र त्याच्या दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते.

अशा रुग्णास केवळ मुंबई गटाचेच रक्त चालते. दात्याचा शोध म्हणून प्रथम सख्ख्या भावंडांत घेतात. आईवडील दोघेही या जनुकाचे केवळ वाहक असल्यास प्रत्येक भावंडाच्या बाबतीत ही शक्यता चारांत एक असते.