वैमानिकाचे वेतन व प्रशिक्षणव्यय

वैमानिकाचे वेतन व प्रशिक्षणव्यय : प्रवासी विमान चालविणाऱ्या व्यावसायिक वैमानिकाचा मोबदला, आणि त्या पदास पोहोचण्यासाठी त्याने आगाऊ सोसलेला खर्च. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षांखेरीज किमान २०० तासांचे उड्डाण नोंदवहीत दाखल व्हावे लागते. त्यांपैकी १०० तास उमेदवाराने स्वतः मुख्य वैमानिक म्हणून केलेले असावे लागतात, आणि त्यांत ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन अन्य विमानतळांवर उतरून पुरा करावयाचा एक प्रवासही असतो. उड्डाणशिक्षण संस्था फुरसतगंजची असो वा गोंदियाची, इंधन, विमानाची देखभाल व शिक्षकाचे मानधन तासागणिक चढत जाते. धुक्यापावसाने उड्डाणे खोळंबली, तरी वसतिगृहाचा खर्च चालूच राहतो. पुढे एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, बहुधा पदरमोड करूनच घ्यावे लागत असल्याने एकूण आकडा अर्ध्या कोटीपलीकडे सहज जातो आणि घर किंवा शेतजमीन तारण पडते.

या खर्चाच्या मानाने आरंभीचे वेतन सर्वत्र पुरेसे असतेच असे नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० माणसे दगावली, तेव्हा सहवैमानिकेचे तुटपुंजे वेतन, आणि सिअ‍ॅटलजवळच्या घरून रात्रभर प्रवास करून ती नूअर्कला कामावर रुजू झाली होती हे वास्तव, चौकशीत उघड झाले. त्यानंतरच्या कायद्यान्वये २०१३ पासून तेथे सहवैमानिकासही सामान्यतः १,५०० तासांचा अनुभव आवश्यक ठरला. वेतनाची उणीव मात्र कायद्याने भरून काढली नाही, उलट उमेदवारावरील भार वाढविला, ही त्या उपायातील मोठी उणीव होय.

भारतात कमांडरचे, म्हणजे मुख्य वैमानिकाचे, वेतन सहवैमानिकाच्या वेतनाहून बरेच अधिक असते. पण त्याचा मोठा हिस्सा उड्डाणतासांवर अवलंबून असल्याने २०२० मध्ये महासाथीमुळे विमाने जमिनीवर राहिली तेव्हा मिळकतही घटली. नोकरी सोडावयाची झाल्यास २०१७ च्या नियमानुसार कमांडरास एक वर्षाची, सहवैमानिकास सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. शिवाय प्रथम श्रेणीच्या वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरलेल्यास विमान चालविता येत नाही, कर्जाचे हप्ते मात्र चुकत नाहीत. म्हणून या व्यवसायात उतरू इच्छिणाऱ्याने शुल्काचा पहिला रुपया भरण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी.