एका अक्षराची नावे

बाराव्या दिवशी मुलाला पाळण्यात घालतात, आत्या त्याच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते आणि भोवतालच्या बायकांचे बुक्के पाठीवर घेते. हा सोहळा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पण त्यापूर्वीच जोशीबुवांनी पत्रिकेत एक अक्षर लिहून ठेवलेले असते. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण आणि प्रत्येक चरणाचे एक अक्षर, अशी ही जुनी वाटणी आहे. ती करणाराने माणसांच्या नावांचा विचार केला असेल असे मात्र वाटत नाही. कारण आर्द्रेच्या एका चरणाला ‘ङ’ आणि हस्ताच्या एका चरणाला ‘ण’ आले आहे! त्या चरणावर जन्मलेल्याचे नाव दुसऱ्याच कोणत्या तरी अक्षरावर भागवावे लागते. मघा नक्षत्र या बाबतीत भाग्यवान. त्याच्या वाट्याला मा, मी, मू, मे ही अक्षरे आली आणि ‘म’च्या नावांना मराठीत तोटा नाही. आज या एकाच अक्षराच्या काही नावांचा मागोवा घेण्याचा विचार आहे.

मल्हार या नावापासून आरंभ करू. नावांच्या अर्थाचे पुस्तक उघडले तर ‘मल्ल नावाच्या दैत्याचा अरि तो मल्लारि, त्याचे मल्हार’ अशी व्युत्पत्ती सापडते. ती ऐकायला चोख आहे. मुराचा अरि तो मुरारि या ओळखीच्या नावाशी तिची घडणही जुळते. परंतु कर्नाटकात मैलार नावाचे दैवत आहे, त्याच नावाचे गाव आहे, आणि तो मैलार म्हणजे आपला खंडोबाच होय. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबाचा अभ्यास करताना या कानडी मैलाराकडे आपले लक्ष वेधले. मला तर असे वाटते, की देव आधी होता, त्याचे देशी नाव आधी होते, आणि संस्कृत जाणणाऱ्या कोणा पंडिताने त्या नावाला मागाहून मल्लारीचा पोशाख चढविला. पोशाख सुंदर आहे, पण अंगाचे माप घेऊन शिवलेला आहे हे लक्षात येते. हा देव धनगरांचा, मेंढपाळांचा. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर म्हणविणाऱ्या धनगर घराण्यात १६९३ साली जन्मलेल्या मुलाचे नाव मल्हारी ठेवले गेले यात नवल ते काय? नवल पुढे घडले. तो मुलगा माळव्याचा सुभेदार झाला आणि मेंढवाड्यावरचे नाव इंदूरच्या गादीवर जाऊन बसले. अलीकडे शहरांतून हे नाव पुन्हा आवडीने ठेवतात. पण विचारले तर पुष्कळदा उत्तर येते, की पावसाळ्यातल्या रागाचे नाव आहे. अक्षरे तीच राहिली, देव बदलला.

मल्हाराच्या पत्नीला मात्र असे भाग्य लाभले नाही. म्हाळसा हे नाव एके काळी थोरामोठ्यांच्या घरी होते. जिजाबाईंच्या मातोश्रींचे नाव म्हाळसाबाई सांगतात. गोव्यात हीच देवी महालसा झाली आणि पोर्तुगीज अमदानीत वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. आज मुलीला म्हाळसा म्हणून हाक मारलेली फारशी ऐकू येत नाही. का बरे? मल्हार आणि म्हाळसा यांच्या पुण्याईत तर अंतर नाही. अंतर आहे ते उच्चारात. ‘म’ आणि ‘ह’ यांचा जोड मराठी जिभेला इतका प्रिय, की महादेवाचा म्हादू होतो, महिषाची ओळख सांगणारा म्हसोबा होतो, महिषीची म्हैस होते. या ‘म्ह’चा संबंध पुढे शेताशी, बांधाशी, झोपडीशी जोडला गेला. महादेव पाटीवर लिहावयाचा आणि म्हादूने पाटी वाहावयाची, अशी वाटणी होऊन गेली.

ही वाटणी मुळातली नव्हे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध करणारा पुरुष मोठा विद्वान ब्राह्मण होता, आणि त्याचे नाव होते म्हाइंभट. त्या नावाची लाज त्याला वाटली नाही व त्याच्या काळालाही वाटली नाही. त्याच पंथातील महदाइसेने धवळे रचले आणि मराठीची आद्य कवयित्री हा मान मिळविला. नावाच्या टोकाला असलेले ‘आइसा’ हे त्या वेळचे आदराचे बोलणे.

पुढील काळात माणसाची पायरी बहुधा नावाच्या टोकावरूनच ओळखू येऊ लागली. महादेवाचा एका घरी महादेवपंत झाला, दुसऱ्या घरी महादजी झाला, तिसऱ्या घरी नुसता म्हाद्या राहिला. १८१८ सालच्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांतील महार शिपायांची नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. या ‘नाक’चा संबंध कोणी नायकाशी लावतात, कोणी नागाशी. काही असो, दगडावरचे नाव वाचताच जात कळावी अशी ती सोय होती.

मोरो या नावाची कथा याहून हलकीफुलकी आहे. संस्कृतातील मयूर प्राकृतात झिजून मोर झाला. मोरावर बसणारा गणपती मोरेश्वर झाला. त्याचे गाव मोरगाव झाले आणि त्याच्या भक्तांची मुले मोरो, मोरोबा, मोरोपंत झाली. शिवाजीमहाराजांचे पेशवे मोरो त्र्यंबक पिंगळे हे त्यांतले एक. पुढे बारामतीस पराडकरांचे मोरोपंत आर्या रचू लागले, तेव्हा त्यांनी काव्यात आपले नाव ‘मयूर’ असे घातले. झिजलेले नाणे टांकसाळीत नेऊन पुन्हा कोरे करून आणावे, तसा हा प्रकार!

आणखी एक मोरोपंत प्रसिद्ध आहेत. ते तांबे आडनावाचे असून काशीस राहत. तेथील विख्यात घाटाचे मणिकर्णिका हे नाव त्यांनी आपल्या मुलीला ठेवले. मणिकर्णिका म्हणजे कानातले रत्न. घरी तिला मनू म्हणत. १८४२ साली तिचा विवाह झाशीच्या गंगाधररावांशी झाला आणि आपल्या चालीप्रमाणे सासरी नाव बदलून ती लक्ष्मीबाई झाली. आपण तिचे माहेरचे नाव जाणतो, कारण ती झाशीची राणी होती. ताटातल्या तांदळांवर नवे नाव लिहिले जाताच ज्यांचे जुने नाव कायमचे पुसले गेले, अशा बायका आपल्या प्रत्येकाच्या घराण्यात आहेत. आपल्या पणजीचे माहेरचे नाव किती जणांना सांगता येईल? वंशावळी लिहिणारांनी हा रकानाच ठेवला नाही, ही इतिहासाच्या अभ्यासकाला नेहमी बोचणारी गोष्ट आहे.

शेवटी मुक्ता. या शब्दाचे अर्थ दोन: सुटलेली, आणि मोती, शिंपल्यातून सुटतो म्हणून मोतीही मुक्ताच. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार भावंडांची नावे म्हणजे मोक्षाच्या वाटेवरचे चार टप्पे, असे कीर्तनकार मोठ्या रंगाने सांगतात. या मुक्ताईच्या कीर्तीने नाव घरोघर गेले. खानदेशातील एदलाबादचे नावही पुढे मुक्ताईनगर झाले. आळंदीच्या या भावंडांना संन्याशाची पोरे म्हणून समाजाने दूर ठेवले होते. पण मुक्ताईच्या नंतर सुमारे साडेपाचशे वर्षांनी पुण्यात याच नावाची दुसरी एक मुलगी फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती. तिचे नाव मुक्ता साळवे. मांग जातीच्या या शाळकरी मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. वेद जर आमचे नव्हेत, तर आमचा धर्म तरी कोणता, असे ती त्यात देवालाच विचारते. आणि ज्यांच्या घरावर छप्पर नाही अशा आपल्या जातीच्या बाळंतिणींचे थंडीपावसात काय हाल होतात, ते स्वतःच्या अनुभवावरून जाणा, असे वाचणाराला सांगते.